गळकं छप्पर आणि हातातला फोन: घरदुरुस्ती कंपनीची वेबसाइट नव्यानं कशी मांडावी

मे महिना संपत आला की म्हापशाच्या बाजारात ताडपत्रीच्या दुकानांपुढे गर्दी होते. पहिला पाऊस कोसळायच्या आत छपरावर काहीतरी घालायचंच, म्हणून माणसं धावत आलेली असतात. त्यांतली काहीजण आदल्या रात्री फोन घेऊन शोधत बसलेली असतात: छप्पर कोण दुरुस्त करून देईल, किती घेईल, कधी येईल. घरदुरुस्तीच्या कंपनीच्या वेबसाइटवर येतो तो हाच माणूस. घर गळतंय, खर्चाचा अंदाज नाही आणि परकी माणसं घरात घ्यायची म्हणून मनात धाकधूक आहे.

गोव्यातल्या लहान-मध्यम व्यवसायांच्या वेबसाइट बनवायचं काम मी करतो. त्यांत घरदुरुस्ती आणि नूतनीकरण करणाऱ्यांच्याही साइट केल्या. जवळजवळ प्रत्येकाच्या जुन्या साइटवर पहिलं वाक्य ठरलेलं: 'आम्ही दर्जेदार सेवा देतो.' गळक्या छपराखाली बसलेल्याच्या हाती या वाक्यातून काहीच लागत नाही. साइटची मांडणी कंपनीच्या कौतुकाच्या क्रमानं नको, घरमालकाच्या काळजीच्या क्रमानं हवी, असं माझं ठाम मत झालं आहे. ती तशी कशी करायची ते इथं पायरी-पायरीनं सांगतो.

आधी जुने संदेश वाचा

चांगला मेस्त्री लाद्या बदलायच्या आधी जुन्या लाद्यांवर टकटक करून पोकळ कुठं वाजतंय ते बघतो. तुम्हीही डिझायनरला फोन करायच्या आधी तेच करा. ऑफिसात फोन कोण उचलतं? त्या व्यक्तीशेजारी एक सकाळ बसा. गेल्या तीन महिन्यांतले व्हॉट्सअ‍ॅपवरचे आणि ईमेलवरचे संदेश उघडा आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न वहीत उतरवून घ्या. माणसानं लिहिलाय त्याच शब्दांत घ्या, सुधारून नको.

फोंड्याच्या एका कंपनीत आम्ही हे केलं, तेव्हा फिरून फिरून तेच पाच प्रश्न आले. आमच्या गावात येता का? साधारण किती खर्च होईल? पावसात काम करता का? किती दिवस लागतील? आणि घरात राहूनच काम होईल, की दुसरीकडे जावं लागेल? यांतल्या एकाचंही उत्तर जुन्या साइटवर नव्हतं. संस्थापकांचा संदेश मात्र पानभर होता.

शब्द जपून ठेवा, असं मी म्हणतो त्याला कारण आहे. वहीत 'पाखें गळता, केन्ना येतले?' (छप्पर गळतंय, कधी येणार?) असं कोकणीत होतं, 'भिंतीचे पोपडे पडतायत' होतं, 'वरच्या बाथरूममुळे खालच्या स्लॅबला ओल आली' होतं. 'वॉटरप्रूफिंग सोल्यूशन्स' एकानंही लिहिलं नव्हतं. तुमच्या मेनूतले शब्द या वहीतून येणार आहेत.

पाच जणांना जुनी साइट वापरायला द्या

वेबसाइट वापरायला सोप्या कशा होतील याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडलं होतं की, पाच माणसांना साइट वापरताना पाहिलं की बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. माझा अनुभवही तोच आहे. पाचजण ओळखीतलेच घ्या, पण कंपनीतले नकोत. एखादी शिक्षिका, निवृत्त बँक कर्मचारी, सत्तरी तालुक्यात वाडवडिलांचं घर असलेला तरुण, आखातात नोकरी करणारा आणि सुट्टीवर आलेला कोणी. प्रत्येकाला त्याच्याच फोनवर साइट उघडायला सांगा आणि एकच काम द्या: 'तुमच्या बाथरूमची गळती थांबवायची आहे. या कंपनीकडून पाहणीची वेळ ठरवा.' मग गप्प बसा. मदत करायची नाही, समजावून सांगायचं नाही. हे फार कठीण जातं, पण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

एका बाईंनी माझ्यासमोर वरच्या पट्टीतल्या फोन नंबरावर चार वेळा बोट दाबलं. काहीच झालं नाही, कारण तो नंबर चित्रात कोरलेला होता, त्याला लिंक नव्हती. त्यांनी पर्स उघडली, पेन काढलं आणि नंबर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून घेतला. 'फोन करीन मग,' म्हणाल्या आणि उठल्या. कंपनीच्या मालकाला मी या प्रसंगाचा व्हिडिओ दाखवला, बाईंना विचारून. त्यानंतर साइट का बदलायची हे त्यांना पटवून द्यावं लागलं नाही.

याच सुमारास जुन्या साइटचा हिशेबही काढून ठेवा. गुगल सर्च कन्सोलमध्ये कोणत्या शब्दांवरून माणसं येतात आणि कोणत्या पानांवर उतरतात ते दिसतं. सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी एका तक्त्यात उतरवा. शेवटी नवी साइट चढवताना ही यादी लागणार आहे.

मेनू: दुखणं आधी, उपाय नंतर

वहीतला प्रत्येक प्रश्न एकेका चिठ्ठीवर लिहा आणि तीन-चार जणांना त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायला सांगा. गठ्ठ्यांना नावंही त्यांनाच देऊ द्या. आमच्याकडे गठ्ठे पडले ते असे: गळती आणि ओल, छप्पर, स्वयंपाकघर, बाथरूम, रंगकाम, जुनं घर. झाला मेनू. त्यात 'खर्च' आणि 'झालेली कामं' हे दोन शब्द घातले की पुरे.

'जुनं घर' हा गठ्ठा वेगळा पडला, हे मला गोव्याचं वैशिष्ट्य वाटतं. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, मधलं राजांगण, शिंपल्यांच्या खिडक्या असलेलं घर आणि पर्वरीतला फ्लॅट ही दोन वेगळी जगं आहेत. वाडवडिलांच्या घराला हात लावणाऱ्याला वासे आणि रिपा कोण बदलेल, चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट थापणार तर नाहीत ना, पंचायतीची परवानगी लागेल का, हे प्रश्न पडतात. फ्लॅटवाल्याला सोसायटीची परवानगी आणि वरच्या मजल्यावरचा शेजारी यांची चिंता असते. दोघांना एकाच पानावर कोंबू नका. जुन्या घराच्या पानावर परवानग्यांचं साध्या भाषेत सांगा. पणजीच्या फोंताइन्हाससारख्या संवर्धन क्षेत्रात बाहेरून बदल करायला वेगळी मंजुरी लागते, हे काम मिळवायच्या आधी सांगितलंत तर माणूस तुमच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

गावांचं म्हणाल, तर कुठल्या तालुक्यांत काम करता ते सरळ लिहा. पेडण्यापर्यंत जाता पण काणकोणला जात नसाल, तर तेही लिहा. तालुक्यागणिक एक पान करून नुसतं नाव बदलायची युक्ती मात्र टाळा. एकच मजकूर आणि वेगळं गाव, अशी पानं गुगलच्या नियमांत गैरप्रकारात मोडतात आणि वाचणाऱ्यालाही ती लगेच कळतात.

फोनवरची पहिली चौकट

कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर डिझाइन मंजूर करू नका. फोन हातात घ्या, साइट उघडा आणि बोट न हलवता काय दिसतं ते बघा. तेवढ्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात: तुम्ही काय करता, कुठं करता आणि संपर्क कसा करायचा. 'बार्देश, तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांत घरांची गळती, छप्पर, बाथरूम आणि किचनची कामं. पाहणी करून लेखी अंदाज देतो.' एवढ्या दोन ओळी पुरतात. खाली दोन बटणं: 'फोन करा' आणि 'फोटो पाठवा'.

सरकणारे मोठे फोटो काढून टाका. पहिला वाचून होईपर्यंत दुसरा येतो, आणि ते सगळे उतरवून घेण्यात फोनचा वेळ जातो. त्या जागी एकच फोटो ठेवा, तुमच्याच कामाचा. विकत मिळणाऱ्या फोटोतलं पांढरंशुभ्र परदेशी किचन बघून डिचोलीतल्या माणसाला आपलं घर आठवत नाही. ओट्याखाली सिलिंडर, खिडकीबाहेर माड, कोपऱ्यात नारळ खवायची आडाळी, असं किचन दिसलं की तो थांबतो.

फोटो: इथं कंजूषी करू नका

घरदुरुस्तीच्या साइटवर माणसं मजकुरापेक्षा फोटो जास्त बारकाईनं बघतात. तरीही बहुतेक साइटवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो वेगवेगळ्या कोनांतून आणि वेगवेगळ्या उजेडात काढलेले असतात. मग बदल नेमका काय झाला तेच कळत नाही. उपाय साधा आहे. कामाच्या पहिल्या दिवशी फोटो काढाल तिथं जमिनीवर रंगाऱ्याची चिकटपट्टी लावा आणि दाराच्या चौकटीवर फोनची उंची पेन्सिलीनं खूण करून ठेवा. जमीनच उखडायची असेल, तर चौकटीपासूनचं अंतर लिहून ठेवा. शेवटच्या दिवशी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, शक्यतो त्याच वेळेला फोटो काढा. मधल्या टप्प्यांचेही घ्या. उघडी पाइप, उतरवलेली कौलं, वाळवीनं पोखरलेला वासा हे सुंदर दिसत नाहीत, पण मालकाला तेच बघायचं असतं. झाकल्या जाणाऱ्या गोष्टी तुम्ही नीट करता की नाही, याचा दुसरा पुरावा त्याच्याकडे नसतो.

प्रत्येक कामाला एक छोटं टिपण जोडा. नमुना देतो:

'बार्देश तालुका. चिऱ्याचं घर, कौलारू छप्पर ११० चौरस मीटर. एप्रिल महिना, १९ दिवस. कौलं उतरवल्यावर भिंतीवरच्या आडव्या लाकडात वाळवी निघाली. आधीच्या अंदाजात ते धरलेलं नव्हतं. फोटो मालकांना पाठवले, वाढीव खर्च लेखी कळवला, होकार आल्यावरच लाकूड आणलं. शाबूत कौलं धुऊन पुन्हा बसवली, फुटकी तेवढी बदलली.'

वाळवीचं वाक्य काही मालक काढायला सांगतात. 'आपल्याच कामात अडचण आली असं कशाला सांगायचं?' काढू नका. दुरुस्तीत अनपेक्षित गोष्टी निघतात हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तसं झालं की तुम्ही कसे वागता, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं.

दोन गोष्टी विसरू नका. घरमालकाची लेखी परवानगी घ्या आणि फोटोत देवघर, भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो, घर क्रमांक आलेत का ते बघून घ्या. दुसरं, फोनवर काढलेल्या फोटोच्या आत ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते, अक्षांश-रेखांशासकट. साइटवर चढवताना ही नोंद काढून टाका. बंद असलेल्या घराचा पत्ता जगाला द्यायचं पाप आपल्या हातून नको. गोव्यात कितीतरी घरांचे मालक वर्षाचे दहा महिने मुंबईत नाहीतर आखातात असतात.

खर्च लपवू नका

'आकडे टाकले की प्रतिस्पर्धी बघतात' ही भीती मी प्रत्येक बैठकीत ऐकतो. प्रतिस्पर्ध्याला तुमचे दर असेही माहीत असतात, एकाच दुकानातून माल उचलता तुम्ही. माहीत नसतात ते ग्राहकाला. आकडाच नसेल तर तो एकतर घाबरून परत जातो किंवा 'किती?' एवढंच विचारायला फोन करतो आणि तुमचा अर्धा तास जातो.

नेमका आकडा देता येत नाही हे खरं. म्हणून पट्टा द्या: कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके. आणि पट्ट्याच्या दोन टोकांत फरक कशामुळे पडतो ते लिहा. बाथरूमचं उदाहरण घ्या. जुन्या लाद्या फोडायच्या की त्यांवरच बसवायच्या, पाइप बदलायची की नाही, लाद्या कोणत्या, नळ कोणत्या कंपनीचे, घरापर्यंत टेम्पो जातो की माल डोक्यावरून न्यावा लागतो. त्याखाली 'यात काय धरलेलं नाही' ही यादी हवीच: फोडकामाचा राडारोडा उचलणं, परांची बांधणं, विजेची नवी लाइन, जीएसटी. बहुतेक भांडणं या यादीवरून होतात, म्हणून ती बारीक अक्षरांत तळाशी टाकू नका.

आता मापांचं. हा मुद्दा गोव्याबाहेरच्या डिझायनरकडून हमखास सुटतो. आपल्याकडे जमीन आणि फ्लॅट चौरस मीटरमध्ये मोजतात, मजुरीचे दर मात्र अनेकदा चौरस फुटावर सांगितले जातात. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. एका साइटवर खर्चाचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटर मी पाहिला, त्यात क्षेत्रफळाच्या चौकटीपुढे एककच लिहिलेलं नव्हतं. घरमालकानं ८० टाकलं, मनात चौरस मीटर धरून. यंत्रानं ८० चौरस फूट समजून उत्तर दिलं, जवळपास अकरापट कमी. माणूस खुशीत पाहणीला बोलावून बसला आणि खरा आकडा ऐकून त्याला वाटलं आपल्याला फसवलं. त्या कंपनीनं काही फसवलं नव्हतं, पण विश्वास गेला तो गेलाच. म्हणून दोन्ही एककं द्या, निवड ठळक ठेवा आणि उत्तरात दोन्ही आकडे परत दाखवा: '८० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८६१ चौरस फूट.'

रंगकामात आणखी एक गोची आहे. ग्राहक खोलीचं क्षेत्र टाकतो, रंग लागतो भिंतींना. तीन बाय चार मीटरची, तीन मीटर उंचीची खोली घ्या. जमीन १२ चौरस मीटर. चार भिंती ४२, छत १२, मिळून ५४. दारं-खिडक्या वजा केल्या तरी रंगवायचं क्षेत्र जमिनीच्या चौपटीच्या आसपास जातं. हे गणित कॅल्क्युलेटरच्या खाली चित्रासह दाखवा. एकदा समजलं की ग्राहक दरावर घासाघीस करतानाही शहाण्यासारखी करतो.

आणि आकडा दाखवायच्या आधी फोन नंबर मागू नका. चार प्रश्नांची उत्तरं द्यायला लावून शेवटी 'अंदाज बघण्यासाठी नंबर टाका' म्हणणं ही अडवणूक आहे. आधी आकडा द्या, मग विचारा.

फॉर्म

चौदा रकाने असलेला फॉर्म मी पाहिला आहे, त्यात पिनकोड आणि 'आमच्याबद्दल कुठून कळलं' हेही सक्तीचं. पहिल्या संपर्काला पाच गोष्टी पुरतात: नाव, फोन, गाव, कामाचा प्रकार, आणि जमल्यास फोटो. बाकी सगळं पाहणीच्या वेळी विचारता येतं.

फोनच्या रकान्यात दहाच आकडे स्वीकारायची सक्ती करू नका. दुबईत किंवा लंडनमध्ये बसलेला गोंयकार गावच्या घराची दुरुस्ती तिथूनच ठरवत असतो आणि त्याचा नंबर परदेशी असतो. आकड्यांमध्ये जागा सोडली म्हणून फॉर्म नाकारला जाऊ नये, ती जागा यंत्रानं गिळून टाकावी. रकान्यावर बोट ठेवल्यावर अक्षरांऐवजी आकड्यांचाच कीबोर्ड उघडला पाहिजे. चूक झाली तर 'अवैध इनपुट' असं लाल अक्षरांत ओरडू नका. 'नंबरात एक आकडा कमी दिसतो' असं त्या रकान्याखालीच सांगा आणि आधी भरलेलं पुसून टाकू नका.

फोटो पाठवायची सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. ओलीचं वर्णन शब्दांत करणं कठीण, फोटोवरून मात्र मेस्त्रीला अर्धं दुखणं कळतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये मजकूर आधीच भरून ठेवता येतो, तो वापरा: 'गाव: / काम: / कधीपासून त्रास आहे: / फोटो जोडत आहे.' समोरच्यानं फक्त पुढे लिहायचं.

फॉर्म पाठवल्यावर 'धन्यवाद' एवढ्यावर थांबू नका. कोण फोन करणार, किती वेळात, कोणत्या नंबरावरून, ते लिहा. अनोळखी नंबर आजकाल कोणी उचलत नाही. माहिती कशासाठी घेता तेही एका ओळीत सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती ठरावीक कारणासाठी आणि स्पष्ट असावी लागते. गळतीसाठी दिलेल्या नंबरावर वर्षभर फर्निचरच्या जाहिराती पाठवणं त्यात बसत नाही, आणि शोभतही नाही.

भाषा आणि अक्षर

डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा इथल्या घरांत मराठी वर्तमानपत्र येतं, बोलणं कोकणीत होतं, बँकेचे कागद इंग्रजीत असतात. तुमची साइट निदान मराठी आणि इंग्रजीत हवी, कोकणीत करता आली तर उत्तमच. भाषा बदलायचं बटण वरच दिसू द्या आणि प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा. भाषा बदलल्यावर माणूस त्याच पानावर राहायला हवा, मुखपृष्ठावर फेकला जाऊ नये. आणि यंत्रानं केलेलं भाषांतर न वाचता चढवू नका. एका साइटवर 'फिनिशिंग'चं 'समाप्त करणे' झालेलं मी वाचलं आहे. घरमालकाशी जसं बोलता तसंच लिहा.

देवनागरीची स्वतःची पथ्यं आहेत. इंग्रजीसाठी आखलेल्या साच्यात मराठी ओतली की वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना घासतात, म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवायची इंग्रजी शीर्षकांची हौस इथं चालत नाही, शिरोरेषा तुटते आणि शब्द मोत्यांसारखा विखुरतो. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे फुकट मिळणारे टंक वाचायला सुखाचे आहेत. पानाची भाषा 'मराठी' म्हणून कोडमध्ये नोंदवायला सांगा. त्यामुळे, टंकात सोय असेल तर, 'ल' आणि 'श' ही अक्षरं मराठी वळणाची दिसतात, हिंदी वळणाची नाहीत. शिवाय आंधळ्या व्यक्तींसाठी पान वाचून दाखवणारं यंत्र मराठी उच्चार वापरतं.

मजकुराचा आकार १८ पिक्सेलच्या आसपास ठेवा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५ ला १ हवा, असं वेब सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. फिकट करड्यावर पांढरं लिहिलेलं भर उन्हात अंगणात उभं राहून वाचून बघा, म्हणजे हा नियम का आहे ते कळेल.

पावसाचं पान

हे पान मी प्रत्येक घरदुरुस्ती साइटवर घालतो. कोणतं काम कधी होतं, हे महिन्यांप्रमाणे. छपराची कामं मे संपायच्या आत. जून ते सप्टेंबर बाहेरचा रंग नाही, कारण ओल्या भिंतीवर रंग धरत नाही. पावसात मात्र गळती नेमकी कुठून येते ते शोधायची पाहणी छान होते. किचन, सुतारकाम, विजेची कामं आतून चालू शकतात. चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, घर रंगवून हवं असेल, तर किती दिवस आधी कळवायचं तेही लिहा. ऐनवेळी 'चवथीपर्यंत करून द्या' म्हणणाऱ्यांना नाही म्हणावं लागतं, आणि नाही ऐकून माणूस दुखावतो. पानावर आधीच लिहिलेलं असलं की बोलणं सोपं होतं.

वेग

गुगलची तीन मापं ध्यानात ठेवा. पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, आणि वाचताना मजकूर उड्या मारू नये, गुगल या उड्यांना जो आकडा देतं तो ०.१ किंवा कमी हवा. गुगलच्याच पेजस्पीड इन्साइट्स या साइटवर हे फुकट तपासता येतं. बहुतेक वेळा दोषी फोटोच असतात. कॅमेऱ्यातून आलेला कित्येक एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. तो १६०० पिक्सेल रुंदीचा करा, कमी जागा घेणाऱ्या वेबपी प्रकारात साठवा आणि खालचे फोटो माणूस तिथं पोचल्यावरच उतरतील अशी सोय करा. मग एखादा स्वस्तातला, दोन-तीन वर्षं जुना अँड्रॉइड फोन घेऊन वाळपईच्या पुढे जा आणि साइट उघडा. पणजीच्या ऑफिसातल्या वायफायवर सगळ्याच साइट पळतात.

बदल कधी आणि कसा चढवावा

जून-जुलैत बाहेरची कामं थंडावतात तेव्हा वही, चिठ्ठ्या, फोटो आणि लेखन उरका. चवथ झाली की नवी साइट चढवा, म्हणजे पाऊस ओसरून कामांचा हंगाम सुरू होताना ती तयार असते. मेच्या शेवटी किंवा चवथीच्या तोंडावर हात लावू नका, तेव्हा तुमचा फोन खणखणत असतो.

सुरुवातीला केलेली पत्त्यांची यादी आता काढा. प्रत्येक जुन्या पत्त्याला त्याच विषयाचं नवं पान नेमा आणि ३०१ प्रकारचं कायमचं रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर पोचतो. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणं हा आळस आहे. डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग (साइट ठेवलेली जागा) कंपनीच्याच नावावर, कंपनीच्याच ईमेलवर आहे ना, ते याच वेळी तपासा. एका जागी फॉर्मवरचे सगळे संदेश नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर जात होते. ते लक्षात यायला अडीच महिने लागले, आणि ते माझ्या तपासणीच्या यादीत नव्हतं याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून साइट चढवली की त्याच दिवशी मी तीन वेगवेगळ्या फोनवरून खरा फॉर्म भरतो, आणि तो ऑफिसात कोणाच्या हाती, किती वाजता पोचला ते स्वतः तिथं बसून बघतो.

पुढे महिन्यातून एकदा त्याच वहीकडे परत या. किती जण साइटवर आले, हा आकडा बाजूला ठेवा. किती जणांनी पुरी माहिती दिली, त्यांतल्या किती जणांकडे पाहणी झाली आणि किती कामं ठरली, हे तीन आकडे लिहा. आलेल्या संदेशांत 'पावसात काम करता का?' पुन्हा दिसलं, तर पावसाचं पान कोणाला सापडत नाही असं समजा आणि त्याची लिंक वर आणा.

फोंड्याच्या त्या कंपनीत आता येणारा संदेश असा असतो: 'गाव: शिरोडा. काम: छप्पर, साधारण ९० चौरस मीटर. कधीपासून त्रास आहे: गेल्या पावसापासून, आढ्याजवळ.' सोबत चार फोटो. मेस्त्री फोटो मोठा करून बघतो, कौलांखालच्या कुजलेल्या रिपा मोजतो आणि पाहणीला निघताना गाडीत लांब शिडी टाकतो.